देवाच्या खोल्यांची गल्ली

हळदीकुंकवाच्या दिवशी जिने माझ्या आईला जिना चढायला लावला, त्या बाईवर मी सव्वा वर्षाने सूड उगवला. सांगताना मला तसूभरही लाज वाटत नाही. झालं गेलं सोडून द्यावं, मन मोठं करावं, असं सगळे सांगतात. ज्यांच्या आया त्या दिवशी खाली मऊ गाद्यांवर बसल्या होत्या, त्यांनी खुशाल करावं मन मोठं.

आम्ही नेदरलँड्समध्ये डीमनला राहतो, ट्रामच्या शेवटच्या टप्प्यावरच्या एका चौकोनी फ्लॅटमध्ये. मी नवऱ्याच्या नोकरीमागून डिपेंडंट म्हणून आले आणि पहिली काही वर्षं भाज्यांची डच नावं शिकण्यात घालवली. ती बाई आमच्या मराठी मंडळातली. मनातल्या मनात मी तिला बाईसाहेब म्हणते, इथेही तेच म्हणेन. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. आधी बुइटनव्हेल्डर्टला भाड्याने राहायची, मग एकदम उट्रेख्तच्या जुन्या गावात घर घेतलं आणि त्या दिवसापासून तिच्या बोलण्यातून इतिहास सांडायला लागला. भाजी निवडताना इतिहास, मुलांच्या शाळेबद्दल बोलताना इतिहास.

घर होतं मात्र देखणं. डोम या जुन्या मोठ्या चर्चचा उंच मनोरा डाव्या हाताला ठेवून दोन वळणं घेतली की विटांची एक अरुंद गल्ली लागते. तिच्या एका बाजूला बुटकी घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. सगळ्यांना एकसारखं हिरवं दार, एकेक खिडकी आणि वर उतरतं कौलारू छप्पर. बाईसाहेबांनी त्यातली दोन घरं एकत्र केलेली घेतली होती. दारावर एक कोरीव दगड होता, त्यावर ढाल आणि खाली चार ओळी, अशा जुन्या वळणाच्या अक्षरांत की बघणारा आधीच हात टेकतो. आत काळे पडलेले लाकडी वासे, एका बाजूला कललेली जमीन, आणि भिंतीतल्या कपाटात बसवलेला एक आखूड पलंग. त्यात पूर्वी माणसं अर्धवट बसून झोपायची म्हणे. बाईसाहेबांनी तिथे पैठण्या ठेवल्या होत्या.

त्या संक्रांतीला आई माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. बाबांना जाऊन वर्ष होत होतं. आमंत्रण आलं तेव्हा बाईसाहेब स्वतः म्हणाल्या होत्या, "आईंना घेऊन ये हं." तरी निघताना इरकलीच्या निऱ्या करता करता आईने विचारलंच, "मी येऊ का ग? बघ हो, नंतर कुणाला वाटायला नको." मी म्हटलं, "आई, हे नेदरलँड्स आहे. इथे कोण बघतंय?" आईने आयुष्यभर सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवलं. माणसं ओळखण्यात ती माझ्यापेक्षा दसपट हुशार, पण लेकीच्या शब्दावर विसंबून ट्रेनमध्ये बसली.

बायका जमल्या. बाईसाहेबांनी आधी सगळ्यांना घर दाखवलं. कळशीएवढ्या खोलीतही त्या असा हात फिरवत होत्या की राजवाडाच दाखवतायत. म्हणाल्या, "ही सगळी डोमच्या धर्मगुरूंची घरं. आपल्याकडे कशी भटजींची आळी असते, तशी. त्यामुळे वास्तू एकदम सोवळ्यातली. आल्या आल्या जाणवतं की नाही?" सगळ्यांना ताबडतोब जाणवलं. एकीला तर अंगावर काटा आला.

मग चांदीचा करंडा असलेलं तबक बाहेर आलं, आणि बाईसाहेब आईजवळ येऊन अगदी मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा वर आराम करा ना. आमच्या आई पण वरच आहेत. इथे आता गर्दी होईल."

आमच्या आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्याही विधवा. खोलीत गर्दी तेव्हा जेवढी होती तेवढीच नंतरही राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार तोच आईने माझं मनगट धरलं आणि असं दाबलं की वर्गात बोलणारी मुलगीही गप्प झाली असती. "बरं झालं बाई," ती हसून म्हणाली, "मलाही जरा पाठ टेकायची होती."

इथल्या जुन्या घरांतला जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. पायरीवर अर्धं पाऊल मावतं, आणि कठड्याच्या जागी एक जाड दोर लोंबतो. आईचे गुडघे तेव्हाही दुखत होते. एका हातात पदर, दुसऱ्या हातात दोर, अशी ती एकेक पायरी चढत होती, आणि खाली सगळ्या बायका तिळगुळाच्या डब्याकडे टक लावून बघत होत्या. ती चढून जाईपर्यंत बाईसाहेब तबक धरून थांबल्या, मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं. वाण म्हणून निळ्या-पांढऱ्या नक्षीची एक फरशी दिली. ती फरशी मी डीमनला पोचल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकली. आवाज होईल अशी टाकली.

परतताना ट्रेनमध्ये, बरोबर आलेल्या माझ्या मुलीने डचमध्ये विचारलं, आजी आजारी आहे का, तिला एकटीला वर का ठेवलं? आईला डचचा एक शब्द येत नाही. तरी ती खिडकीबाहेर बघायला लागली, ती स्टेशन येईपर्यंत वळली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या सासूबाई मात्र चांगल्या आहेत ग. वर बसून वाती वळत होत्या. सण असला की त्या वरच असतात म्हणे, मालक गेल्यापासून."

त्यानंतर आई कुणाकडेही गेली नाही. शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीने नुसतं चहाला बोलावलं तरी आईचं डोकं दुखायला लागायचं. परत गेली आणि फोनवर सांगून टाकलं, "आता तूच येत जा इकडे. माझ्यामुळे तुझी उगाच पंचाईत होते." पंचाईत! जिने मला बोट धरून शाळेत नेलं, ती बाई स्वतःला माझी पंचाईत म्हणत होती. कुंकवाचं मला काही नाही, मी एरवी टिकलीही लावत नाही. पण आईच्या तोंडी तो शब्द जिने घातला, तिला मी सोडणार नव्हते.

मी तेव्हा उट्रेख्तमध्येच गाइडचा कोर्स करत होते. डच बऱ्यापैकी यायला लागलं होतं, आणि घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती. दर शनिवारी एक निवृत्त मास्तर आम्हाला गावातून फिरवायचे. ताडमाड उंच, कानावर ओढलेली लोकरीची टोपी. आई परत गेली, त्याच फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यांनी आम्हाला आधी धर्मगुरूंची घरं दाखवली. ती निघाली डोमच्या पलीकडच्या बाजूला. केवढाली! दोन-दोन मजले, मागे बागा, घोडा आत जाईल अशी दारं. मी मनात म्हटलं, मग बाईसाहेबांकडचे भटजी काय कपाटात राहायचे? तेवढ्यात मास्तर वळले आणि थेट त्या विटांच्या गल्लीत शिरले. बाईसाहेबांच्याच दारासमोर थांबले, कारण कोरीव दगड तिथे होता.

"या देवाच्या खोल्या," ते म्हणाले. डचमध्ये त्यांना तसंच म्हणतात. गावातल्या एका श्रीमंत, मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतःच्या पैशाने ही रांग बांधली आणि चर्चच्या हवाली केली, फक्त गरीब विधवांसाठी. प्रत्येकीला एक खोली, भाडं नाही. हिवाळ्यात जळण मिळायचं, रविवारी पाव. त्या बदल्यात बांधणारीच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. आणि नियम कडक. जिचा नवरा जिवंत, तिला खोली नाही. खोली मिळाल्यावर जिने पुन्हा लग्न केलं, तिने सामान उचलायचं. दगडावर तेच कोरलेलं आहे, गरीब विधवांसाठी, देवाच्या नावाने.

मी इतक्या मोठ्याने हसले की मास्तर दचकले. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, फार आवडली गोष्ट.

घर विकणाऱ्या एजंटाने बाईसाहेबांना सांगितलं असणार की हे चर्चच्या मालकीचं होतं. खरंच होतं ते. चर्च म्हटल्यावर पुजारी, आणि पुजारी म्हटल्यावर सोवळं, हे पुढचं सगळं बाईसाहेबांनी आपल्या घरून आणलं होतं. दारावर लिहिलेलं वाचायला कुणाला तरी विचारावं, एवढंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मी त्या दगडाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकणार होते. बोट बटणावर होतं. मग थांबले. ग्रुपवर टाकला असता तर दोन दिवस खुसूखुसू झालं असतं, बाईसाहेबांनी हात जोडलेला एक इमोजी पाठवला असता, आणि आईच्या हाती काय लागलं असतं? जे व्हायचं ते त्याच दारात, सगळ्या बायकांदेखत आणि आईसमोर व्हायला हवं होतं. सूड म्हणजे लोणचं. मुरायला दिवस द्यावेच लागतात.

पण आई यायला तयार नव्हती. मी मिनतवाऱ्या केल्या, रुसून पाहिलं, तिकीट काढते म्हणून धमकी दिली. पालथ्या घड्यावर पाणी. वर्षभराने मला अक्कल आली. फोन करून म्हटलं, "माझं काम वाढलंय, पोरीकडे बघायला कुणी नाही, काय करू कळत नाही." आई मार्चमध्ये हजर. आईला बोलवायचं असेल तर गरज आहे म्हणावं, हौस आहे म्हणू नये.

काम वाढलं होतं हे खोटं नव्हतं. आयटीतल्या मुलांचे आईवडील उन्हाळ्यात इकडे येतात, त्यांना मी मराठीतून जुनं उट्रेख्त फिरवून दाखवत होते. बरं नाव झालं होतं. पण त्या वर्षभरात ती गल्ली मी एकदाही कुणाला दाखवली नाही. शेजारच्या गल्लीतून न्यायची सगळ्यांना. ती राखून ठेवली होती.

आणि चैत्रात बाईसाहेबांचा आपणहून फोन आला. "अग, तू ते वॉक करतेस ना? आमच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या आधी एक ठेवूया. शेवट माझ्या दारात. घराबद्दल नीट सांग हं, लोकांना कळू दे आपण कुठल्या वास्तूत पाऊल टाकतोय."

मी म्हटलं, "सांगते ना ताई. सगळं सांगते."

"आणि आई आल्यात म्हणे तुझ्या? त्यांना बिचाऱ्यांना एवढं चालवेल का?"

"न चालायला काय झालं? चांगल्या खणखणीत आहेत."

आई फिरायला तयार झाली, पण अटीवर. "मी गाव बघेन. त्या घरात येणार नाही. बाहेर बाकावर बसेन, तू तुझं उरकून ये." मी बरं म्हटलं. दगडाबद्दल तिला अवाक्षर सांगितलं नाही.

त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं आणि वारा साड्यांत शिरत होता. मंडळाच्या त्याच सगळ्या बायका, वर थोड्या नव्या. मी त्यांना मनोरा दाखवला, समोरचं डोमचं देऊळ दाखवलं, आणि मधल्या मोकळ्या चौकात उभं राहून सांगितलं की इथे पूर्वी देवळाचाच मधला भाग होता, एका वादळात तो कोसळला आणि तेव्हापासून मनोरा एकीकडे, देऊळ दुसरीकडे. कालव्याच्या काठची पाण्यालगतची तळघरं दाखवली. घरांच्या कपाळाला लटकणारे आकडे दाखवले, जिने अरुंद म्हणून सामान दोराने त्यांवरून वर चढवतात. "सामानाला दोर, म्हाताऱ्या माणसांनाही दोर," मी म्हटलं. आईने माझ्याकडे रोखून बघितलं.

धर्मगुरूंच्या घरासमोर मी मुद्दाम रेंगाळले. दार दाखवलं, बाग दाखवली, घोड्याचा तबेला दाखवला. बाईसाहेब पुढे होऊन म्हणाल्या, "आमचं पण यातलंच."

"नाही हो ताई," मी म्हटलं, "तुमचं याहून वेगळं. येतंच आता."

गल्लीत शिरलो. दाराला पाठ करून मी उभी राहिले आणि मास्तरांनी सांगितलेलं सगळं, एक अक्षर न गाळता, मराठीत सांगितलं. बांधणारी बाई विधवा. राहणाऱ्या विधवा. जळण, पाव, प्रार्थना. मग दगडाकडे बोट करून त्या चार ओळी वाचून दाखवल्या. आमच्यातली एक बाई इथे पंचवीसेक वर्षं आहे, खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात नोकरी करते, तिचं डच माझ्याहून पक्कं. तिने चष्मा वर करून स्वतः वाचलं आणि म्हणाली, "बाई ग, खरंच की. तेच लिहिलंय."

बाईसाहेबांच्या तोंडाचा रंग उडाला. "पण एजंट तर म्हणाला होता, चर्चचं…"

"चर्चचंच. दानातलं."

"मग हे तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणालात ना ताई, लोकांना कळू दे." आणि एवढ्यावर मी थांबले नाही. थांबायचं नव्हतंच मला. "गेल्या वर्षीच्या संक्रांतीला तुम्ही वास्तू सोवळ्यातली म्हणालात, ते बरोबर होतं. कित्येक पिढ्या या उंबऱ्यावर फक्त विधवांचा हक्क होता. इथे सवाष्णीला जागा नव्हती."

ज्यांनी तेव्हा तिळगुळाच्या डब्याकडे बघितलं होतं, त्या आता विटांकडे बघत होत्या. बघा, मनात म्हटलं, मोजा विटा.

दार उघडलं. बाईसाहेबांच्या सासूबाई उभ्या होत्या, अंगात स्वेटर, हातात पन्ह्याचा जग. पाहुण्या यायच्या आधी त्या वर जायच्या असणार, पण खिडकी किलकिली होती आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या सुनेकडे बघत नव्हत्या. माझ्या आईकडे बघत होत्या.

आई पुढे आली. बाकावर बसते म्हणालेली आई, बायकांमधून वाट काढत थेट दारापर्यंत आली आणि वर्गात प्रश्न विचारावा तशी मला म्हणाली, "नवरा असलेल्या बाईने इथे राहायचं नाही, असा नियम होता?"

"हो."

"असं कोरून ठेवलंय?"

"गरीब विधवांसाठी म्हणून कोरलंय. नियम तोच होता."

आई बाईसाहेबांकडे वळली. आवाज अगदी मऊ, मधात बुडवलेला. "मग तू जरा बाहेर थांब हं बाळ. आत गर्दी होईल."

आणि उंबरा ओलांडून ती आत गेली. सासूबाईंनी बाजूला होऊन तिला वाट दिली, एकदा आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"आई!" बाईसाहेबांनी हाक मारली. किल्ली आतच होती. त्यांनी एकदा दार वाजवलं, दुसऱ्यांदा हात उचलला आणि खाली घेतला. स्वतःच्या दारावर धडका मारताना त्यांना एवढ्या जणी बघत होत्या.

इथे खिडक्यांना पडदे लावायची पद्धत नाही. बाईसाहेबांनीही लावले नव्हते, लोकांना वासे दिसावेत म्हणून. आम्हाला सगळं दिसत होतं. सासूबाईंनी आईला मधल्या मोठ्या खुर्चीत बसवलं. टेबलावर तबक होतं, त्यात तो चांदीचा करंडा. ताटल्यांना जागा हवी म्हणून त्यांनी तबक उचललं आणि खिडकीत नेऊन ठेवलं, काचेला लागून, आमच्या बाजूला. मग आंबेडाळ वाढली, पन्हं ओतलं, आणि दोघी जणी खात बसल्या. आई काहीतरी सांगत होती. सासूबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. घाई दोघींनाही नव्हती.

पाऊस सुरू झाला, इथला नेहमीचा, आडवा आणि गार. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, ओढण्या घेतल्या. कुणाची जायची हिंमत होईना आणि दार वाजवायचीही होईना. गाइडकडे असते तशी मोठी लाल छत्री माझ्याकडे होती, चार जणी सहज मावतील एवढी. मी ती उघडली. बाईसाहेब अगदी शेजारी उभ्या होत्या, कपाळावरचं कुंकू ओघळून त्यांच्या नाकापर्यंत आलं होतं. त्यांनी छत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली, पलीकडच्या.